खालचे पान, वरचे पान

३१ वर्षे मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम केले. रक्ताच्या नमुन्यात पोटॅशियम फार वाढलेले दिसले, की डॉक्टरांना फोन करण्यापूर्वी आम्ही आधी नळीकडे पाहत असू. रक्त काढताना सुई नीट लागली नसेल किंवा नळी जोरात हलवली गेली असेल, तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतले पोटॅशियम बाहेर येते. वरचा द्रव गुलाबी दिसतो आणि यंत्र अगदी प्रामाणिकपणे चुकीचा आकडा छापते. हे शहाणपण मी निवृत्तीच्या दिवशी ॲप्रनबरोबर तिथेच ठेवून आले असावे. कारण नेरूळच्या घरी खिडकीच्या ग्रिलमध्ये लावलेल्या टोमॅटोची पाने पिवळी पडायला लागली, तेव्हा कुंडीत काय चालले आहे हे न पाहता मी थेट खताचा डबा उघडला.

मातीऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेण्यामागे माझी बागकामाची काही खास दृष्टी वगैरे नव्हती. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकदा मोठी गळती झाली आणि त्यानंतर गच्चीवर व ग्रिलमध्ये मातीच्या कुंड्या ठेवायच्या नाहीत, असा सोसायटीने ठराव केला. ओल्या मातीचे वजन आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारे गढूळ पाणी, या दोन्ही तक्रारी खऱ्याच होत्या. तेव्हा ५ किलोची कोकोपीटची वीट मागवली. न्हाणीघरातल्या टबात ती ठेवून वरून पाणी ओतले, तेव्हा आधी काहीच झाले नाही. मग कडेने एकेक थर फुगून सुटू लागला, दाबयंत्राच्या रेघा पुसल्या गेल्या आणि तासाभरात ७० लिटरच्या आसपास मऊ, तपकिरी भुसा टबाच्या काठावरून बाहेर यायला लागला. त्याच्या वासाने मला क्षणात आजोळी नेले.

माझे आजोळ वेंगुर्ल्याजवळचे. तिथे नारळाची सोडणे, म्हणजे वरची तंतुमय साले, खाडीकाठच्या खड्ड्यांत महिनोन्‌महिने कुजत घातलेली असत. ती काढून बडवली की काथ्या सुटा होई, त्याचा सुंभ वळला जाई, आणि बडवताना गळणारा भुसा तिथेच ढिगाने पडून राही. त्याला कोणी विचारत नसे. आज तोच भुसा धुऊन, दाबून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आपल्या दारात येतो. पण येताना तो आपला पूर्वेतिहास बरोबर आणतो, हे मला फार उशिरा कळले. सोडणात मुळातच पालाश, म्हणजे पोटॅशियम, भरपूर असते, आणि ते खाडीच्या मचूळ पाण्यात भिजले असेल तर सोडियमही मुरलेले असते. यातले मोकळे मीठ साध्या पाण्याने धुऊन जाते. परंतु भुशाच्या कणांवर ऋणभाराच्या ज्या जागा असतात, त्यांवर बसलेले पालाश आणि सोडियम नुसत्या धुण्याने हलत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसेच त्याच सोडणातून निघालेल्या या भुशाचे आहे. वाशी-ठाणे लोकलमध्ये खिडकीशी बसलेला माणूस डब्यात गर्दी झाली म्हणून उठत नाही; त्याला उठवायला कोणीतरी हक्काचा लागतो. इथे तो हक्काचा माणूस म्हणजे कॅल्शियम. त्याच्यावर दोन धनभार असल्याने तो त्या जागांवर अधिक घट्ट बसतो आणि आधीच्यांना बाहेर काढतो. म्हणून जाणकार लोक कोकोपीट धुतल्यावर कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवतात, मग पुन्हा धुतात आणि त्यानंतरच त्यात रोप लावतात. हे आधी केले नाही, तर हीच अदलाबदल कुंडीत, रोपाच्या मुळांशी होते. म्हणजे आपण रोपासाठी घातलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भुसा स्वतःकडे ठेवून घेतो आणि बदल्यात रोपाला नको असताना पालाश आणि सोडियम देतो.

मी यातले काहीच केले नव्हते. टबातले पाणी एकदा बदलले, भुसा हाताने पिळला आणि कुंड्या भरल्या. खत म्हणून रोपवाटिकेतून आणलेले, तिन्ही आकडे सारखे असलेले विद्राव्य खत होते. त्याचे पूर्ण नाव कोणी घेत नाही, सगळे त्याला ‘एकोणीस-एकोणीस’ म्हणतात. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश तिन्ही आहेत, मग आणखी काय हवे, असा माझा हिशेब. दीड महिना रोपे उत्तम वाढली. मग पाने पिवळी पडू लागली, म्हणून मी खत थोडे वाढवले. पाने आणखी पिवळी पडली. शेजारच्या काकूंनी लोह कमी असेल असे सांगितले, म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी आणून घातली. मग पानांच्या कडा करपू लागल्या. तेव्हा कोणीतरी सांगितले की उन्हाने होते, म्हणून मी ग्रिलवर जुनी ओढणी बांधली. एका नमुन्यावर तीन निदाने आणि तीन उपचार, तेही एकाच पंधरवड्यात. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या शिकाऊ मुलीने असे केले असते, तर मी तिला बाहेर बसवले असते.

माझा भाचा दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला आहे. शेवटी त्याला फोन केला.

“मावशी, पिवळं कुठलं पडलंय? खालचं पान की शेंड्याचं?”

“अरे, पानं पिवळी पडलीत म्हणतेय ना मी.”

“हो, पण कुठली? आणि शिरा हिरव्या राहिल्यात की त्याही पिवळ्या?”

मी गप्प झाले. सहा आठवडे मी त्या रोपांकडे दिवसातून चार वेळा पाहत होते आणि हे मला सांगता येत नव्हते. चष्मा शोधला, फोन कानाला धरूनच ग्रिलमध्ये वाकले. खालून तिसरे आणि चौथे पान पिवळे होते, पण सरसकट नाही. मुख्य शीर आणि तिच्यापासून निघालेल्या उपशिरा गडद हिरव्या होत्या, आणि दोन शिरांमधली जागा तेवढी फिकट होत गेली होती, माशाच्या काट्याचे चित्र काढावे तशी. त्याच पानांच्या कडा मात्र तपकिरी, कुरकुरीत, बोट लावले की चुरा होणाऱ्या. शेंड्याची पाने हिरवीगार, तुकतुकीत. हे सगळे मी त्याला वाचून दाखवले. “मग हे एक नाहीच, दोन आजार आहेत,” तो म्हणाला.

कुठले पान, हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते समजले तेव्हा मला माझ्याच जुन्या विषयाची गंमत वाटली. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाला एका पानातून काढून दुसऱ्याकडे नेता येतात. टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ती उपसते आणि शेंड्याला पुरवते, म्हणून त्यांची कमतरता खाली दिसते. नत्र कमी पडले तर खालचे पान शिरांसकट सारखेच फिके होते; मॅग्नेशियम कमी पडले तर शिरा हिरव्या राहतात; पालाश कमी पडले तर कड करपते; स्फुरद कमी असेल तर पान काळपट हिरवे आणि पाठीमागून जांभळट दिसते. कॅल्शियम, लोह, बोरॉन, मंगल (मँगनीज) यांचे तसे नाही. ती एकदा पानात बसली की बसली, तिथून निघत नाहीत, म्हणून त्यांची टंचाई नव्या पालवीवर उमटते. माणसाच्या रक्तात कॅल्शियम घटले तर शरीर हाडांतून ते उतरवून घेते. मी आयुष्यभर हेच गृहीत धरून अहवाल वाचले. झाडाला ही सोय नाही. त्याच्या जुन्या पानांत कॅल्शियम भरलेले असताना कोवळा शेंडा त्याच्यावाचून आखडतो.

हे ज्ञान कसे आले तेही प्रयोगशाळेच्या माणसाला आवडेल असेच आहे. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलिउस फॉन झाक्स यांनी मातीशिवाय, पाण्यात विरघळवलेल्या नेमक्या क्षारांवर रोपे वाढवून दाखवली. ताटात काय काय आहे हे पक्के माहीत झाले, की एकेक पदार्थ वगळून रोपाचे काय होते ते पाहता येते. पुढे १९३९ मध्ये आर्नन आणि स्टाउट यांनी एखादे मूलद्रव्य अत्यावश्यक कधी मानायचे याच्या कसोट्या घातल्या: त्याच्यावाचून झाडाचे जीवनचक्र पुरे होता कामा नये, त्याची जागा दुसऱ्या कशाने भरता येऊ नये, आणि त्याचा झाडाच्या पोषणात थेट भाग असावा. आज अशी १७ मूलद्रव्ये धरली जातात. पिवळ्या पानांचे जे रंगीत तक्ते सगळीकडे फिरतात, त्यांच्या मुळाशी ही वगळण्याची पद्धत आहे, आणि माझे त्यांच्याशी भांडणही तिथेच आहे. तक्त्यातल्या प्रत्येक पानाला एकच द्रव्य कमी पडलेले असते, बाकी सगळे व्यवस्थित. खऱ्या कुंडीत तसे सहसा होत नाही. शिवाय तक्ता फक्त ‘कमी आहे’ एवढेच सांगतो. कुंडीतच नाही म्हणून कमी, की कुंडीत आहे पण मुळांना घेता येत नाही म्हणून कमी, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. कोकोपीटमध्ये पहिल्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

भाच्याने दुसरा प्रश्न पाण्याबद्दल विचारला. नवी मुंबईला खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचे पाणी येते. काळ्या पाषाणाच्या डोंगरांवरून उतरलेले पावसाचे पाणी ते, त्यामुळे मऊ. आरओ यंत्राबरोबर घेतलेला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर घरात होता. नळाच्या पाण्यात बुडवला तर ७० आकडा आला. (एवढ्या मऊ पाण्यासाठी आम्ही आरओ का बसवले, हा प्रश्न मी त्या दिवशी घरात विचारला आणि त्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.) मऊ पाणी डाळ शिजायला चांगले, पण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नावालाच असते. एकोणीस-एकोणीसमध्ये तर ही दोन्ही नसतातच. म्हणजे पाण्यात नाही, खतात नाही, आणि थोडेफार कुठून आलेच तर कोकोपीट ते आधी आपल्या जागांवर बसवून घेणार. वर कोकोपीटने सोडलेले पालाश, त्यात माझ्या वाढवलेल्या खतातले पालाश. आणि पालाश फार झाले की मुळे मॅग्नेशियम कमी उचलतात. मी ज्या चमच्याने औषध देत होते, त्याच चमच्याने आजार वाढवत होते.

करपलेल्या कडांचे कारण मात्र वेगळे निघाले. “आधी कुंडीला नेहमीसारखं पाणी घाल, तासभर थांब, मग वरून थोडं पाणी हळूहळू ओत आणि खालून जे येईल ते गोळा कर,” असे त्याने सांगितले. मी कुंडीखाली स्टीलची परात ठेवली. घालायच्या द्रावणाचा आकडा ५८०. परातीत जमलेल्या चहाच्या रंगाच्या पाण्याचा १,९४०. मी मीटर धुऊन तीनदा बुडवला. कारण सरळ होते: खालच्यांच्या कपड्यांवर थेंब पडू नये म्हणून मी प्रत्येक वेळी जेमतेम एक पेला पाणी घालत होते. त्यातले पाणी झाड पीत होते, उडून जात होते, आणि क्षार मागे राहत होते. कोकोपीटमध्ये प्रत्येक खेपेस घातलेल्या पाण्यापैकी १० ते २० टक्के पाणी खालून वाहून गेले पाहिजे, म्हणजे मागचे साठलेले निघून जाते. मी दीड महिन्यात एकदाही तसे होऊ दिले नव्हते. मुळांभोवती समुद्र केला होता आणि वरून पानावर लोह कमी आहे का ते शोधत होते.

या मीटरबद्दल दोन शब्द. त्याचा आकडा रक्ताच्या ईएसआर चाचणीसारखा असतो. ईएसआर वाढला की शरीरात कुठेतरी काहीतरी बिघडले आहे एवढे कळते, काय ते कळत नाही. मीटरलाही पाण्यात एकूण किती क्षार आहेत त्याचा अंदाज येतो, ते कुठले हे नाही. आणि काही गोष्टी त्याला दिसतच नाहीत. एकोणीस-एकोणीसमधले अर्ध्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. युरिया विजेचे वहन करत नाही, त्यामुळे तो मीटरच्या आकड्यात मोजला जात नाही. ‘आकडा तर कमी दिसतोय’ म्हणून आणखी एक चमचा घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मी त्यांच्यातलीच होते.

उपचार साधा होता. कुंड्या एकेक करून न्हाणीघरात नेल्या, किंचित कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्याने, कुंडीच्या आकारमानाच्या दुपटीने धुतल्या. त्यानंतर एक दिवस लिटरला १ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, म्हणजे लिटरमागे सुमारे १८८ मिलिग्रॅम कॅल्शियम. दुसऱ्या दिवशी अर्धा ग्रॅम एकोणीस-एकोणीस आणि अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही एकाच दिवशी का नाही, हे मी स्वतःच्या हाताने शिकले. रोज मोजायचा कंटाळा म्हणून एका बाटलीत कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेटचे घट्ट द्रावण एकत्र करून ठेवले. ओतताक्षणी बाटलीत पांढरा ढग उठला आणि सकाळी तळाशी बोटभर चुनकळीसारखा साका बसला होता. कॅल्शियम आणि सल्फेट यांचे जिप्सम झाले होते, आणि दोन्ही माझ्या झाडांच्या कामातून गेले होते. बारावीच्या मुलालाही हे सांगता आले असते. ३१ वर्षे अभिकर्मकांच्या बाटल्या हाताळलेल्या बाईने ती बाटली कोणाला न दाखवता मोरीत ओतली.

उपचार सुरू केला त्या दिवशी प्रत्येक रोपाच्या सगळ्यात वरच्या उमललेल्या पानाच्या देठाला मी लाल दोरा सैलसा बांधला. तारीख नसलेला नमुना आम्ही स्वीकारत नसू, त्याची ही सवय. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही आणि खूप पिवळे झालेले जुने पानही क्वचितच पूर्वीसारखे होते. त्यामुळे त्यांच्याकडे पाहून ‘अजून गुण नाही’ म्हणत बसणे चुकीचे. पाहायचे ते दोऱ्याच्या वरच्या पानांकडे. दोऱ्याच्या खालची पाने जशीच्या तशी राहिली, दोन गळाली. पण पिवळेपणा रोज एक पान वर चढत होता, तो दोऱ्यापाशी येण्याआधीच थांबला. दहाव्या दिवशी मला खात्री पटली.

पुढच्या उन्हाळ्यात पाणीकपात लागली. पिण्याचे पाणी झाडांना घालायचा संकोच वाटून मी सोसायटीच्या बोअरचे पाणी घालू लागले. तीन आठवड्यांत मिरचीचे शेंडे लिंबासारखे पिवळे झाले आणि त्यावर हिरव्या शिरांचे बारीक जाळे तेवढे राहिले. या वेळी पिवळे पान वरचे होते, म्हणजे संशय लोहावर. पण लोह तर मी देत असलेल्या पुडीत होते. मग मी एक प्रयोग केला. चिमूटभर चिलेटेड लोह (विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेले) एक लिटर पाण्यात विरघळवले आणि नातवाच्या रंगपेटीतला बारीक ब्रश घेऊन एका पिवळ्या पानाच्या फक्त डाव्या अर्ध्या भागावर, मधल्या शिरेपर्यंत, ते लावले. दुसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी पाहिले तर डावा अर्धा भाग पोपटी हिरवा झाला होता, उजवा तसाच पिवळा, आणि मधली शीर दोघांमधली हद्द आखून उभी. मी तो फोटो भाच्याला पाठवला, दिवाळीच्या फराळाच्या ताटाचा पाठवते त्याच उत्साहाने.

लोहाचीच भूक हे सिद्ध झाले. पण लोह घालूनही ते मिळत का नव्हते? बोअरच्या पाण्याचा टीडीएस ६४० होता आणि सामू (पीएच) कागदी पट्टीवर ८ च्या आसपास. अशा पाण्यातले बायकार्बोनेट मुळांजवळचा सामू वर ढकलत राहतात. कोकोपीटमध्ये सामू ५.८ ते ६.२ असला की बहुतेक सगळी द्रव्ये मुळांना घेता येतात. स्वस्तातल्या पुड्यांत लोह ईडीटीए नावाच्या रेणूत बांधलेले असते, ते साधारण ६.५ च्या वर तग धरत नाही. लोह कुंडीत होते, पण कुलुपात. आणखी चार पुड्या ओतल्या असत्या तरी त्या त्याच कुलुपात गेल्या असत्या. मी लिंबूसत घालून पाहिले. त्याने पाण्याचा सामू तेव्हापुरता उतरतो, पण सायट्रिक आम्ल जिवाणू खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत पुन्हा जैसे थे. शेवटी भांडी विसळलेले, साबण न लागलेले धरणाचेच पाणी वेगळ्या बादलीत साठवायला सुरुवात केली. मिरची दोन आठवड्यांत ताळ्यावर आली.

पावसाळ्याचा धडा वेगळा. जुलैत टोमॅटोच्या फळांच्या बुडाशी काळे, चामड्यासारखे, खोलगट डाग पडू लागले. इमारतीतल्या प्रत्येकीने मला अंड्याची टरफले चुरून घालायला सांगितले, आणि एकीने तर डबाभर आणूनही दिली. टरफलांत कॅल्शियम असते हे खरे. पण ते कार्बोनेट, जवळजवळ न विरघळणारे, आणि लागलेल्या फळाला उपयोगी पडेल इतक्या लवकर तर नाहीच. मुळात माझ्या कुंडीत कॅल्शियम होते. ते फळापर्यंत पोहोचत नव्हते. कॅल्शियम मुळांकडून वर जाते ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर, आणि तो प्रवाह चालतो पानांतून पाणी वाफ होऊन जाते म्हणून. आमच्या खाडीकाठच्या जुलैत, धुतलेला टॉवेल तीन दिवस वाळत नाही तिथे पानातून तरी किती पाणी उडणार? जे थोडे वर चढते त्यातले बहुतेक पाने ओढून घेतात, गुळगुळीत सालीच्या फळाला शेवटचे मिळते. वरून तिरक्या पावसाने ग्रिलमधल्या कुंड्या धुऊन निघत होत्या आणि ‘पाऊस आहे’ म्हणून मी खत बंद केले होते. मग डागाळलेली फळे काढून टाकली, कुंड्या एकमेकींपासून दूर करून वारा खेळता केला, पावसातही कॅल्शियम नायट्रेट चालू ठेवले, आणि युरिया-अमोनियमचे नत्र कमी केले, कारण अमोनियम कॅल्शियमच्या वाटेत आडवे येते. सप्टेंबरची फळे स्वच्छ आली. लांबट जातीच्या टोमॅटोला हा त्रास जास्त होतो, म्हणून आता मी गोल जात लावते. हा उपचार नव्हे, पळवाट आहे, पण मला मान्य आहे.

ज्याला कमतरता समजले जाते पण जे कमतरता नसते, त्याची यादी मोठी आहे, त्यातले एकच सांगते. मिरचीची पाने आक्रसली की लोक कॅल्शियम, बोरॉन असे काहीबाही फवारतात. त्याआधी भिंग घेऊन पानाची मागची बाजू पाहावी. फुलकिडे असतील तर पानाच्या कडा वर वळतात, कोळी (माइट) असतील तर खाली. शेतकरी याला चुरडा-मुरडा म्हणतात आणि त्याला कुठल्याही खताने गुण येत नाही. माझे जुने सूक्ष्मदर्शक विकले गेले, पण १०० रुपयांचे भिंग पुरते.

आणि एका वांग्याने मला पुरते हरवले. खालची पाने पिवळी, वाढ खुंटलेली, भर दुपारी ओल्या कुंडीत मान टाकलेली. कीड नाही. घातलेल्या पाण्याचा आकडा ५६०, निचऱ्याचा ६१०, सामू ६. कागदावर यापेक्षा निरोगी कुंडी माझ्याकडे दुसरी नव्हती. नत्र वाढवून पाहिले, मॅग्नेशियम फवारून पाहिले, लाल दोरे बांधून पाहिले. एका रविवारी वैतागून ती कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली. वरचा भुसा तांबूस, मोकळा. खालचा वीतभर थर काळा, चिकट, गटारासारखा वास येणारा. मुळाला चिमटीत धरून ओढले तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत बारीक दोरा उरला. तळाच्या तीन भोकांपैकी दोन भोके कुंडीच्याच प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी बुजलेली होती. मी ओतत होते ते पाणी भुशात न शिरता कुंडीच्या कडेने थेट उतरून तिसऱ्या भोकातून परातीत येत होते. ६१० हा आकडा बरोबर होता. नमुना मुळांजवळचा नव्हताच.

काळा थर फेकून दिला. उरलेला भुसा तीन पाण्यांनी धुतला, रात्रभर कॅल्शियम नायट्रेटमध्ये भिजवला, गच्चीवर दोन दिवस उन्हात पसरला. कुंडीला तापवलेल्या पेचकसाने आणखी भोके पाडली. सध्या तिच्यात मेथी आहे.